पंडिता रमाबाईंच्या सेवेचे मूळ



माणसाने काय केले हे इतिहासाला सांगता येते. का केले, हे सांगणे कठीण असते. राजकारणात आपण हेतूची फारशी चौकशी करीत नाही; किल्ला घेतला की नाही एवढेच पाहतो. पण धर्माच्या नावाने चालणाऱ्या सेवेची गोष्ट वेगळी आहे. मिशनऱ्याने दवाखाना काढला की औषधाचा गुण येण्याआधीच लोकांच्या मनात प्रश्न येतो : हे औषध माणसासाठी की माणसे मोजण्यासाठी? प्रश्न वाजवी आहे. सेवा हे जर दुसऱ्या कशाचे तरी साधन असेल, तर ती सेवा नसून सौदा आहे, असे आपले मन आपल्याला सांगते. आणि मनाचा हा कौल खोटा नाही.

हा प्रश्न पुणे शहराने १८९३ साली फार कडवटपणे विचारला. ज्यांना विचारला त्या पंडिता रमाबाई. त्या वादाच्या स्मृती अजून पुरत्या विझलेल्या नाहीत. रमाबाईंचा गौरव करणारे त्या वादाला टाळून जातात आणि त्यांना दोष देणारे त्या वादापलीकडे जात नाहीत. आज मला त्या दोन्ही वाटा सोडून, त्यांच्या श्रद्धेचे आणि सेवेचे मूळ कोठे होते, एवढ्याच गोष्टीचा शोध घ्यावयाचा आहे.

त्यासाठी माप कोणते घ्यावे? बाहेरचे माप आणण्याची गरज नाही. ख्रिस्ती शास्त्रानेच ते दिले आहे. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. त्या भाषेत प्रेमाला अनेक शब्द आहेत. स्त्रीपुरुषांच्या ओढीला एक, मित्राच्या जिव्हाळ्याला दुसरा. नव्या कराराने या दोहोंपेक्षा निराळा असा ‘आगापे’ हा शब्द विशेष करून उचलला, आणि मराठी बायबलात त्याला ‘प्रीती’ हा शब्द रूढ झाला. समोरचा माणूस पात्र आहे की नाही, तो परतफेड करील की नाही, याचा हिशेब न करता त्याचे भले इच्छिणे आणि त्यासाठी झिजणे, हा त्या शब्दाचा अर्थ. संत पौलाने करिंथ येथील मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रातील तेरावा अध्याय याच विषयाला वाहिलेला आहे. त्याचे सार असे की, ज्ञान असले, डोंगर हलविणारी श्रद्धा असली, सर्वस्वाचे दानही केले, पण प्रीती नसली तर हे सारे व्यर्थ. म्हणजे श्रद्धेची आणि सेवेची परीक्षा पौल त्यांच्या आकारावरून करीत नाही, मुळावरून करतो. वारकऱ्यांच्या भूमीत वाढलेल्या श्रोत्यांना ही कसोटी परकी वाटण्याचे कारण नाही. तीच कसोटी आपण रमाबाईंना लावून पाहू.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, सह्याद्रीच्या रानातल्या गंगामूळ येथला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वैदिक ब्राह्मण. पण पेशव्यांच्या वाड्यात राजस्त्रीला संस्कृत शिकताना पाहून त्यांच्या मनाने घेतले की आपल्या पत्नीलाही ही विद्या द्यावी. त्यासाठी त्यांना पंडितांच्या सभेपुढे जाब द्यावा लागला. तो त्यांनी शास्त्राच्या आधारे दिला आणि रानात जाऊन राहिले. तेथे आई लक्ष्मीबाईंनी धाकट्या मुलीला शिकविले. पुढे हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर फिरू लागले. लग्न न झालेली, भागवत मुखोद्गत असलेली ब्राह्मणाची मुलगी हे त्या काळी मोठेच आश्चर्य होते.

मग १८७० नंतरच्या दशकातला दुष्काळ आला. साठविलेले द्रव्य संपले. पुराण ऐकणारे स्वतःच उपाशी, तेथे पुराणिकाला दक्षिणा कोण देणार? आधी वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईच्या प्रेताला खांदा द्यायला दोनच ब्राह्मण मिळाले. तिसरा खांदा भाऊ श्रीनिवासाचा आणि चौथी रमाबाई. त्यानंतर ही दोन भावंडे हजारो मैल पायी चालली. पंजाबात झेलमच्या काठी थंडीपासून जीव वाचविण्यासाठी त्यांनी वाळूत खड्डे खणून अंगावर वाळू ओढून रात्र काढली. सगळी व्रते झाली होती, सगळी तीर्थे झाली होती. देवाने मात्र दर्शन दिले नव्हते. ही हकीकत रमाबाईंनी स्वतःच १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत सांगितली आहे. ती लक्षात ठेवा. पुढे मुक्तिसदनात जे घडले त्याचे बी या वाळूत पडलेले आहे.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. तेथल्या विद्वानांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेनांनी तिच्या हाती वेदाची प्रत ठेवली. मान मिळाला, कीर्ती मिळाली. पण धर्मशास्त्राचे ग्रंथ जो जो त्या वाचीत गेल्या तो तो एक गोष्ट त्यांना अधिकाधिक खुपू लागली : स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाचा मार्ग स्वतःच्या पायांनी चालण्याची मुभा तेथे दिसेना, आणि पाय घसरलेल्या स्त्रीला तर त्या ग्रंथांत दंडच तेवढा होता. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या ब्राह्मणेतर बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पतीचे पटकीने निधन झाले. तेवीस वर्षांची विधवा, कडेवर दहा महिन्यांची मुलगी, आणि जगात आपले म्हणावे असे दुसरे कोणी नाही.

१८८२ साली त्या पुण्यास आल्या. रानडे, भांडारकर प्रभृतींनी त्यांचे स्वागत केले. त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले, आणि हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री-शिक्षिका आणि स्त्री-वैद्य असल्या पाहिजेत असे सांगितले. तेव्हापासून आपण वैद्यक शिकावे अशी इच्छा त्यांनी धरली. पंचहौद येथील वाँटेजच्या भगिनींशी त्यांची ओळख झाली होती; त्या ओळखीच्या बळावर आणि पुस्तकविक्रीच्या पैशावर १८८३ साली त्या इंग्लंडला निघाल्या. कानांच्या दोषामुळे वैद्यकाचा बेत पुढे सोडावा लागला. पण ज्यासाठी गेल्या नव्हत्या ते त्यांना तेथे सापडले.

वाँटेजच्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथील आपल्या एका शाखेत काही दिवस नेले. तेथे वाट चुकलेल्या स्त्रियांना आश्रय दिला जात असे. रमाबाईंनी तेथे काय पाहिले? समाजाने ज्यांना टाकून दिले होते त्या स्त्रिया माणसांत आल्या होत्या. इतकेच काय, त्यांतल्या काही जणी आता आजारी आणि अपंगांची शुश्रूषा करीत होत्या. हिंदुस्थानात असे कोणी या स्त्रियांना जवळ केल्याचे रमाबाईंनी कधी पाहिले नव्हते, ऐकले नव्हते. त्यांनी भगिनींना विचारले की, तुम्ही यांची एवढी काळजी का घेता? त्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविण्यात आली. परजातीची, बदनाम झालेली ती बाई. तिच्याकडे ख्रिस्त पाणी मागतो आणि तिच्याशी धर्माच्या गहन गोष्टी बोलतो. रमाबाई म्हणतात की हिंदुस्थानातील तुडविलेल्या स्त्रीला उचलून धरील असा कोणी असेल तर तो हाच, हे त्यांना तेव्हा कळले.

या प्रसंगाचा क्रम नीट पाहण्यासारखा आहे. आधी सेवा दिसली. सेवेवरून प्रश्न सुचला. आणि प्रश्नाचे उत्तर म्हणून ख्रिस्त भेटला. सिद्धांत शेवटी आले. बुद्धीचे समाधान करण्याचे काम नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लेखनाने केले. हे गोऱ्हे काशीतले शास्त्री. ख्रिस्ती धर्माचे खंडन करायला निघाले आणि वाद करता करता १८४८ साली स्वतःच ख्रिस्ती झाले. गोऱ्ह्यांची वाट वादाची, रमाबाईंची वाट अनुभवाची. गोऱ्ह्यांच्या युक्तिवादाने रमाबाईंच्या मनातील अडसर निघाले हे खरे. पण दार ठोठावले ते फुलहॅमच्या त्या अनाम स्त्रियांनी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी आणि लहानग्या मनोरमेने वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

महाराष्ट्रात खळबळ उडाली. परदेश, दारिद्र्य, वैधव्य, त्यातच बरोबर गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथे केलेली आत्महत्या. अशा अवस्थेत एकट्या पडलेल्या बाईला बाटविले, असे पुष्कळांना वाटले. जोतीराव फुल्यांनी मात्र १८८५ साली ‘सत्सार’ काढून रमाबाईंची बाजू घेतली. आक्षेप टाकून देण्याजोगा नाही, कारण निराधार माणसाचे मन आश्रयदात्याकडे झुकते हा अनुभव आहे. परंतु त्याला रमाबाईंच्या पुढील वर्तनानेच उत्तर दिले. आश्रयासाठी धर्म घेणारा माणूस आश्रयदात्याशी भांडत नाही. रमाबाई भांडल्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवीतही होत्या. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही यावर हिंदुस्थानातील बिशपांनी मत दिले, तेव्हा मला परमेश्वराने बुद्धी दिली आहे, ती मी दुसऱ्याच्या हाती देणार नाही, अशा आशयाची पत्रे त्यांनी लिहिली. त्रैक्याचा सिद्धांत पटत नाही तोवर पटला म्हणणार नाही, हेही त्यांनी भगिनी जेराल्डीन यांना बजावले. क्रुसावरील अक्षरे लॅटिन का, संस्कृत का नकोत, असे विचारले. शाकाहार त्यांनी जन्मभर सोडला नाही. हा पत्रव्यवहार १९७७ साली छापून प्रसिद्ध झाला आहे. तो वाचणाऱ्याला ही बाई कोणाच्या मिंधेपणाने ख्रिस्ती झाली असे म्हणवणार नाही. त्यांनी प्रीती स्वीकारली होती. ताबेदारी स्वीकारली नव्हती.

१८८६ साली त्या आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियास गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १८८७ साली निघाले. त्याच्या विक्रीने आणि त्यांच्या व्याख्यानांनी अमेरिकेत मोठी सहानुभूती उत्पन्न झाली, आणि त्या वर्षाच्या अखेरीस बोस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ निघाले. हिंदू विधवांसाठी शाळा काढावी, तिला दहा वर्षे मदत करावी, आणि तीत धर्माच्या बाबतीत तटस्थ राहावे, असे ठरले. हे शेवटचे कलम ध्यानात ठेवावे. सारा वाद पुढे त्याच्याभोवती फिरला.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस चौपाटीजवळ शारदा सदन उघडले आणि १८९० च्या नोव्हेंबरात ते पुण्यास आले. सल्लागार मंडळात रानडे-भांडारकरांसारखी माणसे होती. विधवांना स्वयंपाकपाण्याचा, सोवळ्याचा, आपल्या देवाच्या पूजेचा पूर्ण अधिकार होता. वर्गात धर्म शिकविला जात नसे. केस काढलेली, घराच्या काळोखात बसविलेली मुलगी तेथे पाटी हाती घेऊन बसे आणि तिला कोणी अपशकुनी म्हणत नसे. आज याचे महत्त्व चटकन कळणार नाही. त्या मुलींना ते घर कसे वाटले असेल याची कल्पनाच करावी.

आता वादाचा मुद्दा. रमाबाई रोज सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करीत. खोलीचे दार त्या उघडे ठेवीत. काही मुली आपण होऊन आत येऊन बसू लागल्या. पुण्यात बोभाटा झाला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. टीकेचे सार असे होते की, मिशनची शाळा असेल तर तसे उघड म्हणा. तटस्थतेचे नाव सांगून हिंदूंच्या मुली गोळा करू नका. रमाबाईंचे उत्तर असे की, मी कोणाला बोलावीत नाही, कोणाला अडवीत नाही. मुलींना त्यांच्या धर्माची जेवढी मोकळीक आहे तेवढीच मला माझ्या धर्माची आहे. मी माझे दार बंद करणार नाही. १८९३ साली रानडे, भांडारकर आदी सल्लागारांनी राजीनामे दिले. पालकांनी भराभर मुली काढून नेल्या. पुढे सदनातील काही विधवांनी बाप्तिस्माही घेतला.

येथे न्याय कसा करावा? एक गोष्ट आधी मान्य केली पाहिजे : रमाबाईंनी जबरदस्ती केली असे म्हणायला आधार नाही. पण दुसरीही गोष्ट तितकीच खरी आहे. सदनातल्या मुली कोण होत्या? ज्यांना जगात प्रथमच कोणी मायेने हाक मारली होती अशा त्या पोरी. अशा मुलीपुढे उघडे दार हे नुसते दार राहत नाही. जी बाई आपल्याला जेवू घालते, शिकविते, डोक्यावरून हात फिरविते, ती आत बसून ज्याची प्रार्थना करते तो देव आपलाही असावा, असे त्या मुलीच्या मनात येणारच. आणि हे रमाबाईंइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? त्या स्वतः फुलहॅमला याच वाटेने आल्या होत्या. त्यांना कोणी उपदेशाने जिंकले नव्हते. सेवा पाहून त्या जिंकल्या गेल्या होत्या. तेव्हा ‘मी शिकवीत नाही’ हे त्यांचे म्हणणे शब्दशः खरे असले, तरी खरी प्रीती कधी तटस्थ असू शकत नाही, हा त्यातला पेच त्यांच्या टीकाकारांनी अचूक पकडला होता. गंमत अशी की, टीकाकारांचा आक्षेप एका अर्थाने रमाबाईंना मिळालेले प्रशस्तिपत्रच होते. या बाईची प्रीती खोटी असती, तर तिची भीती वाटण्याचे कारण नव्हते.

तरीपण वचन हे वचन असते. पालकांनी मुली पाठविल्या त्या तटस्थतेच्या भरवशावर. रानडे-भांडारकरांनी आपले नाव दिले तेही त्याच भरवशावर. भरवसा देऊन घेतलेल्या मुलीच्या बाबतीत आपल्या श्रद्धेला बांध घालणे हाही प्रीतीचाच भाग आहे, कारण आई-बापांचा विश्वास हीदेखील जपण्याची वस्तू आहे. माझ्या मते या एका मुद्द्यावर सल्लागारांची बाजू न्याय्य होती. आणि रमाबाईंच्या पुढील कृतीवरून त्यांनाही हे उमगले असावे असे दिसते. कारण त्यानंतर त्यांनी जी संस्था उभी केली तिच्यावर तटस्थतेची पाटी लावली नाही. ती उघड उघड ख्रिस्ती होती, आणि तरीही कोणत्याही एका पंथाची नव्हती.

ही संस्था म्हणजे केडगावचे मुक्तिसदन. पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर, दौंड तालुक्यात, रमाबाईंनी सुमारे १०० एकर माळरान विकत घेतले होते. बोस्टनची दहा वर्षांची मदत संपल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर सदन चालवावे असा बेत होता. पण १८९६-९७ चा दुष्काळ पडला. मध्य प्रांतातून बातम्या येऊ लागल्या, आणि झेलमच्या वाळूत रात्र काढलेल्या बाईला घरी बसवेना. त्या स्वतः तिकडे गेल्या. आई-बाप मेलेल्या, हाडांचे सापळे झालेल्या, खरजेने भरलेल्या मुली. धान्याच्या आमिषाने त्यांना पळवून नेणारे दलाल गावोगाव फिरत होते. रमाबाईंनी सुमारे ३०० मुली आणण्याचे ठरविले. त्यांना ठेवायला जागा नव्हती आणि खायला घालायला हातात पैसा नव्हता. पुण्यात प्लेग होता, तेव्हा एवढ्या मुली शहरात ठेवण्याची मुभा मिळेना. केडगावच्या माळावर झोपड्या उभ्या राहिल्या. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळात आणखी शेकडो आल्या आणि मुक्तिसदनातील वस्ती दोन हजारांच्या घरात गेली.

दोन हजार माणसांना दोन वेळा जेवू घालणे हे भाषण करण्याइतके सोपे काम नाही. विहिरी खणल्या, शेती केली, गाई पाळल्या. माग आले, तेलाची घाणी आली, छापखाना आला. ज्या मुलीला स्वतःचे वय सांगता येत नव्हते ती खिळे जुळवू लागली. मनोरमेने अमेरिकेत आंधळ्यांची लिपी शिकून घेतली आणि आंधळ्या मुलींचा वर्ग सुरू केला. फसलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपासदन’ निघाले. फुलहॅमला जे पाहिले होते ते सोळा-सतरा वर्षांनी महाराष्ट्राच्या माळावर उभे राहिले. वृद्ध आणि पंगू स्त्रियांच्या घराला नाव दिले ‘प्रीतिसदन’. तरुण मुलगी शिकून उद्या उपयोगी पडेल, असा हिशेब कोणी करू शकेल. पण मरणाच्या वाटेवर टेकलेल्या, हात-पाय न चालणाऱ्या म्हातारीकडून कोणती परतफेड होणार? तिने मंडळीची संख्या वाढविली तरी किती दिवस? आगापे या शब्दाचा अर्थ मी आरंभी सांगितला. त्याचे मराठी भाष्य पाहावयाचे असेल तर ते त्या घराच्या नावात आहे.

प्लेगच्या दिवसांतली एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. १८९७ साली पुण्यात सरकारने प्लेगच्या बंदोबस्तासाठी जी रुग्णालये चालविली होती त्यांत स्त्रियांची कशी आबाळ आणि बेअब्रू होते यावर रमाबाईंनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ पत्रात कडक पत्र लिहिले. तो आवाज विलायतेपर्यंत गेला. राज्यकर्ते ख्रिस्ती होते. त्यांच्या मदतीवाचून रमाबाईंचे काम अडण्याचा संभव होता. पण येथे प्रश्न आपल्या मुलींच्या अब्रूचा होता, आणि तेथे स्वधर्मी-परधर्मी हा भेद त्यांनी केला नाही. हेतूची परीक्षा अशाच प्रसंगी होते. जेथे प्रीती आणि सोय यांच्या वाटा फुटतात तेथे माणूस कोणत्या वाटेने जातो, ते पाहावे.

एक आक्षेप तरीही उरतो, आणि तो झाकून ठेवणे इतिहासाला शोभणार नाही. दुष्काळातल्या त्या मुलींना निवड होती कोठे? भुकेल्याला घास देणाऱ्याचा धर्म गोड लागतो. त्या ख्रिस्ती झाल्या त्या भुकेपोटी की श्रद्धेने? प्रत्येकीच्या अंतःकरणाचा निवाडा आपण येथे बसून करू शकत नाही. पण आक्षेप घेणाऱ्याने स्वतःलाही एक प्रश्न विचारला पाहिजे : त्या मुली दलालांच्या हाती पडत होत्या तेव्हा त्यांना उचलायला दुसरे किती जण पुढे आले? जो प्रसंगी धावून गेला त्याच्या हेतूची चिकित्सा करण्याचा अधिकार आपल्याला आहे. मात्र आपण का धावलो नाही, या चिकित्सेनंतरच तो शोभतो.

रमाबाईंचे शेवटचे मोठे काम ग्रंथाचे. प्रचलित मराठी बायबलाची भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही, असे त्यांना वाटे. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि मूळ भाषांतून सोप्या मराठीत सबंध बायबलाचे भाषांतर करीत बसल्या. पंडितांच्या सभेत पदव्या मिळविणाऱ्या सरस्वतीने आपली सारी विद्वत्ता निरक्षर बाईच्या कानाशी नेऊन ठेवली. मुक्तीच्याच छापखान्यात, तेथल्याच मुलींच्या हातांनी ते छापले गेले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. आईने काम थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर पडला.

आता मी ज्या प्रश्नाने आरंभ केला त्याकडे येतो. ही सेवा माणसासाठी होती की माणसे मोजण्यासाठी? मला याचे सर्वांत बोलके उत्तर मुक्तिसदनाबाहेर सापडते. शारदा सदनात दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी होती गोदूबाई. ती ख्रिस्ती झाली नाही. तेथे शिकली आणि ११ मार्च १८९३ रोजी, सदन निघाल्याच्या चौथ्या वाढदिवशी, तिने धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. त्याच आनंदीबाई तथा बाया कर्वे. त्याच वर्षी शारदा सदनाचा वाद पेटला. आणि तीन वर्षांनी, १८९६ साली, कर्व्यांनी हिंदू विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला. १९०० साली तो हिंगण्यास गेला आणि पुढे त्याचा वटवृक्ष झाला. बाया कर्वे त्या आश्रमासाठी वर्गणी गोळा करीत दारोदार फिरल्या. त्यांच्या ‘माझे पुराण’ या आत्मचरित्रात शारदा सदनाचे दिवस आले आहेत.

मोजणी करणाऱ्याच्या वहीत गोदूबाई जमेला धरली जाणार नाही. तिच्यावर खर्च झाला आणि मंडळीत भर पडली नाही. पण रमाबाईंनी तिला दिले ते कमी प्रतीचे दिले नव्हते, आणि ते वायाही गेले नाही. ते दुसऱ्या घरात जाऊन उगवले. ज्या सेवेचे फळ सेवा करणाऱ्याच्या वाड्याबाहेर पडते आणि तरी तिला त्याची खंत नसते, त्या सेवेच्या मुळाशी प्रीती आहे असे म्हणावयास हरकत नाही.

आणि श्रोतेहो, या शहराच्याही बाजूने एक गोष्ट नोंदवून ठेवतो. १८९३ साली पुण्याने रमाबाईंना वर्तमानपत्रांतून जी उत्तरे दिली ती आज कोणी फारशी वाचीत नाही. १८९६ साली हिंगण्याच्या वाटेने जे उत्तर दिले ते मात्र अजून उभे आहे. परधर्मीयाची सेवा आपल्याला खुपत असेल तर तिला खोडून काढण्याचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे तिच्याहून अधिक सेवा करणे. कर्व्यांनी तो मार्ग धरला. केडगाव आणि हिंगणे ही दोन ठिकाणे नकाशावर फार लांब नाहीत. मनानेही ती एकमेकांपासून तितकी लांब नाहीत, जितकी आपण त्या वादामुळे समजत आलो. दोन्हीकडे दार वाजविणारी बाई एकच होती : टाकलेली, पांढऱ्या कपाळाची, उपाशी. ती आत आली की नाही, आणि आत आल्यावर तिला माणूस म्हणून वागविले की नाही, एवढेच शेवटी विचारले जाईल. त्या प्रश्नाला रमाबाईंच्या आयुष्याने दिलेले उत्तर मला स्वच्छ दिसते, आणि ते आपणापुढे ठेवून मी आपली रजा घेतो.